पगारे लाल

रविवार, १८ जून १९७८

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. कचेरीत एका कंत्राटदाराने वाटली, साहेबांनी नको म्हटली, म्हणून माझ्याकडे आली आणि वर्षभर कोरीच राहिली. छापलेला वार एकाने मागे पडतो, तो मी रोज खोडून नीट लिहीन. चांगला कागद वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही.

लिहायला बसण्याचं कारण तसंच मोठं आहे. काल कचेरीच्या कामासाठी मुंबईला गेलो होतो, तिथून परतताना मासे आणले. खायचे नव्हेत. गप्पी जातीचे, बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि नरांच्या शेपट्या लालभडक. विकणारा म्हणाला, "साहेब, ही जात वाढवायला काही अक्कल लागत नाही." व्यापाऱ्यांना शास्त्राची कदर नसते. मी या जातीतून अशी एक नवी, लांब शेपटीची जात काढणार आहे की मुंबईवाले नाशिकला येऊन विकत घेतील. नावही ठरलं आहे. 'पगारे लाल'.

काचेची पेटी आणि तिचा हवेचा पंप टेबलावर ठेवला. घरातलं सपाट आणि भक्कम असं तेवढंच एक फर्निचर. माझ्या बायकोने, वत्सलाने, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायचं ठरवलं तेव्हा मीच ते तिच्या अभ्यासासाठी करवून घेतलं होतं. त्यामुळे परत घेण्याचा अधिकारही माझाच, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, "घ्या."

तिचा निकाल नुकताच लागला. बाकी सगळ्या विषयांत सुटली, विज्ञानात गचकली. आमच्या वसाहतीच्या विहारात नव्या वर्षापासून बालवाडी सुरू होणार आहे, आणि बाईंची जागा समितीने डिसेंबरपर्यंत वत्सलासाठी धरून ठेवली आहे. अट एकच, दहावी पास. नाहीतर नाशिकरोडची एक मुलगी तयार बसली आहे. म्हणजे आता ऑक्टोबर हीच शेवटची संधी. मी म्हणालो, "घाबरू नकोस, घरात आता प्रयोगशाळाच आली आहे. विज्ञान आपोआप डोक्यात शिरेल." तिने पुस्तकं उचलून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर नेऊन ठेवली.

रविवार, २५ जून

अन्नाचे प्रयोग चालू आहेत. अंड्याचा बलक घातला, पाणी दुधासारखं झालं. भाकरीचा चुरा घातला, तो फुगून तळाशी बसला. बारीक शेव घातली तेव्हा पाण्यावर तेल आलं आणि दोन मासे गेले. त्यांना मसाला सोसत नसावा. शेजारच्या मालनबाई नांदगावकडच्या. त्या दारातून म्हणाल्या, "भाऊ, माणसाला जे पचत नाय ते माशाला कसं पचंल?"

वाचनालयात एक जुनं पुस्तक मिळालं. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की माशांना जिवंत खाद्यासारखं दुसरं काही नाही, आणि जिवंत खाद्यात डासांच्या अळ्या सर्वोत्तम.

बुधवार, ५ जुलै

पिल्लं झाली! सकाळी दाढी करताना पाहिलं, पेटीत डोळे आणि शेपूट एवढंच असलेले ठिपके पळत होते. मी तोंडाला साबण असतानाच मालनबाईंना बोलावून दाखवलं. संध्याकाळी कचेरीतून आलो तर निम्मी दिसेनात. कोपऱ्यात विसावली असतील. बाळंतिणीने मात्र आज अन्नाला तोंड लावलं नाही. तरी तब्येत उत्तम, पोट गच्च भरल्यासारखं दिसतं. मातृत्वाने जिवाला तृप्ती येते ती अशी.

गुरुवार, ६ जुलै

एकही पिल्लू नाही. वत्सलाला विचारलं, तिने पाणी बदललं का. तिने हात लावला नाही म्हणे. पालीवर संशय आहे.

रविवार, ९ जुलै

पिल्लं अशक्त निपजली म्हणून टिकली नाहीत, असा माझा निष्कर्ष. आईला सकस खाद्य हवं. म्हणून वत्सलाची चहाची गाळणी आणि लोणच्याची बरणी घेऊन द्वारका चौकापलीकडच्या गटारावर गेलो. अळ्या भरपूर होत्या. पण वाकून गाळत असताना आमच्या कचेरीतला गोरक्ष सायकलवरून उतरला आणि विचारू लागला, "साहेब, काही पडलं का?" अंगठी पडली म्हणालो. तो भला माणूस, बाही सरसावून माझ्याबरोबर शोधायला लागला. अर्धा तास गटारात हात घालून आम्ही दोघे नसलेली अंगठी शोधत होतो. हेडक्लार्कने असं पुन्हा करणं बरं नव्हे.

घरी आल्यावर वत्सलाने गाळणी पाहिली आणि दुसरी विकत आणली. जुनी माझी झाली.

रविवार, १६ जुलै

डोकं चालवलं की मार्ग निघतो. मी वसाहतीचा सेक्रेटरी. आज विहारात वंदना झाल्यावर मी ठराव मांडला की दर रविवारी सर्वांनी कोरडा दिवस पाळावा: रांजण, पिंप, हौद, कुंड्यांखालच्या ताटल्या, सगळं रिकामं करून पुसून कोरडं करायचं, म्हणजे डास होणार नाहीत. तपासणीला मी स्वतः घरोघर फिरेन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारबाबा म्हणाले, "पगारे, समाजाला अशीच माणसं पाहिजेत."

लगेच पहिली फेरी केली. कुठे अळ्या दिसल्या की मी खडसावतो, "हे काय? मुलाबाळांची काळजी आहे की नाही?" घरची बाई खाली मान घालते, आणि मी अळ्या गाळून बरणीत घेतो. पुरावा म्हणून नेतो असं सांगतो. बरणी काठोकाठ भरली. मासे तुटून पडले.

रविवार, ३० जुलै

लोकांचं काही खरं नाही. एखादी गोष्ट सांगावी तर इतकी मनावर घ्यायची? आज सगळी वसाहत पालथी घातली, कुठे एक अळी नाही. मालनबाईंनी तर हौद घासून उन्हात वाळत ठेवला होता. म्हणाल्या, "बघा भाऊ, चाटून घ्या!" मी हिरमुसून बरणी परत आणली. पिल्लं दुसऱ्यांदा झाली होती, तीही नाहीशी झाली. आई पुन्हा गच्च पोटाची.

परावलंबन वाईट. डांबराचं एक रिकामं पिंप घासून घेतलं आणि शिडीवरून आमच्या गच्चीवर चढवलं. स्वच्छ पाणी भरलं. वरून पेंढ्याची एक काडी. दिवसा पोतं झाकतो, कारण लोकांना शास्त्र समजत नाही. संध्याकाळी काढतो, म्हणजे डासांना येता जाता येईल.

रविवार, १३ ऑगस्ट

पिंप यशस्वी झालं. आणि काय दर्जा! गटारातल्या अळ्या डोकं खाली करून, शेपूट वर करून लोंबकळत असतात, टवाळ पोरांसारख्या. माझ्या अळ्या पाण्याच्या वरच्या थरात आडव्या, सरळ, शिस्तीत पडून राहतात. एकही लोंबकळत नाही. स्वच्छ पाण्याचा आणि संस्कारांचा हा फरक. ही नोंद पुढेमागे शास्त्रज्ञांना उपयोगी पडेल.

एक शंका मात्र मनात आली. पंचशीलातलं पहिलं शील, प्राण्याची हत्या करणार नाही. आज वंदनेला ते म्हणताना माझा आवाज जरा खाली गेला. वत्सलाने वळून पाहिलं. घरी येऊन शांतपणे विचार केला. अळ्या मी मारत नाही, मी फक्त पेटीत सोडतो. खायचं की नाही हे मासे ठरवतात. कचेरीतही टिपणी मी लिहितो, सही साहेबांची असते, आणि आजवर कुठल्याही निर्णयाचं पाप मला लागलेलं नाही. पुढच्या रविवारपासून मोठ्याने म्हणेन.

मंगळवार, २२ ऑगस्ट

वसाहतीत थंडीताप आला आहे. मालनबाईंचे यजमान बारकू दोन गोधड्या घेऊन कुडकुडत आहेत. त्यांच्या पलीकडची सुलाबाई आणि तिची सूनही. संध्याकाळी ओट्यावर बसवत नाही इतके डास झाले आहेत.

कोरडा दिवस इतका कडक पाळूनही डास येतात म्हणजे ते बाहेरून येतात, यात शंका नाही. आरोग्य खात्याला कडक अर्ज लिहिला. 'आमची वसाहत जिल्ह्यात आदर्श असून येथे डासांच्या उत्पत्तीस तीळमात्र वाव नाही, सबब शेजारील गटाराची सखोल चौकशी व्हावी आणि साहेबांनी समक्ष पाहणी करावी.' मसुदा फार चांगला उतरला. वत्सलाला वाचून दाखवला.

ती म्हणाली, "अहो, गच्चीवरच्या पिंपाचं काय?"

"ते शास्त्रीय आहे," मी म्हणालो.

मलेरियावाला निवृत्ती येऊन गेला. त्याने आमच्या दाराच्या चौकटीवर गेरूने तारीख लिहिली आणि चहा मागितला. मी विचारलं, "फवारणी?" तो म्हणाला, "तारीख टाकली की फवारणी झाली साहेब. कागदावर डास नाय राहात." अशी माणसं असल्यावर देशातला हिवताप कसा हटणार?

रविवार, ३ सप्टेंबर

मुंबईहून एकाच्या हाती आणखी मासे मागवले. आता मोठे तीसेक असतील. पिल्लं मात्र होतात आणि जातात. पाल नाही, कारण मी पेटीवर जाळी बसवली. मालनबाईंची नजर म्हणावं तर मी असल्या गोष्टी मानत नाही. खाद्य कमी पडतं हेच खरं कारण असणार. दुसरं पिंप बसवण्याचा विचार आहे.

सोमवार, ११ सप्टेंबर

कचेरीतून आलो तर वत्सला भिंतीला टेकून बसली होती, दात वाजत होते. घरात होत्या नव्हत्या त्या सगळ्या गोधड्या घातल्या तरी थंडी जाईना. नंतर अंग असं तापलं की हात लावल्यावर चटका बसावा. निवृत्तीला धरून आणलं. त्याने बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्त घेतलं आणि कडू गोळ्या दिल्या.

तापात ती म्हणत होती, "मी पेपरला बसणार. काही झालं तरी बसणार."

शुक्रवार, १५ सप्टेंबर

ताप एक दिवसाआड येतो आहे. आज पुन्हा भरला. मी कचेरीत गेलो नाही. तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसलो होतो. खरं लिहितो, मी घाबरलो. लग्नाला पंधरा वर्षं झाली, इतक्या वर्षांत मी तिला आडवी पडलेली बघितलीच नव्हती. भाकरी कुठल्या डब्यात असते हेही मला माहीत नव्हतं. मालनबाईंनी वरण आणून दिलं.

परीक्षा तोंडावर आली आहे. हिचं हे वर्ष गेलं तर बालवाडीही गेली. ज्या कोणाच्या हलगर्जीपणामुळे हे डास झाले त्याला भर चौकात उभं केलं पाहिजे. आरोग्य खात्याला दुसरा अर्ज लिहिला, पहिल्याहून कडक.

मासे दोन दिवस उपाशी होते. संध्याकाळी पिंपातून चांगल्या दोन गाळण्या भरून अळ्या घातल्या.

मंगळवार, १९ सप्टेंबर

ताप उतरला. पण वत्सलाचे डोळे दुखतात, वाचवत नाही. म्हणून मी पुस्तक घेऊन बसतो आणि प्रश्न विचारतो. आज डासाचा धडा होता.

"डासाच्या वाढीच्या अवस्था किती?"

"चार. अंडी, अळी, कोष आणि पूर्ण वाढ झालेला डास."

"शाब्बास. अळीचा डास व्हायला किती काळ लागतो?"

"आठवडा, दहा दिवस," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "कोणी खाल्ली नाही तर."

पुढे आकृती होती, त्यात ती मार्चमध्ये चुकली होती. साध्या डासाची अळी पाण्यात डोकं खाली करून तिरपी लोंबकळते, हिवतापाच्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहते. तिच्या नीट ध्यानात राहावं म्हणून मी घरचंच उदाहरण दिलं. "समांतर म्हणजे आडवी. आपल्या पिंपातल्या नाहीत का, तशी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आपल्या सगळ्याच आडव्या आहेत?"

"सगळ्या," मी अभिमानाने सांगितलं. "एकही लोंबकळत नाही."

तिने माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, आकृती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि पुस्तक मिटलं. म्हणाली, "ही आकृती आता मी जन्मात चुकणार नाही." शिकवायलाही हातोटी लागते.

बुधवार, २० सप्टेंबर

अंगात त्राण नसताना वत्सला शिडी चढून गच्चीवर गेली. गोधडी वाळत घालायची होती म्हणे. खाली आली ती थेट मालनबाईंकडे गेली आणि बराच वेळ बसली. भिंतीपलीकडून आधी कुजबूज ऐकू आली. मग मालनबाईंचा आवाज आला, "अगं बया बया! आणि आमच्या म्हाताऱ्याच्या अंगावर मी दोन दोन गोधड्या टाकतीय!" आणि मग दोघी हसत सुटल्या. आजारातून उठलेल्या माणसाला करमणूक हवीच.

आरोग्य खात्याचं पत्र आलं. सोमवारी मोठे साहेब स्वतः पाहणीला येणार. माझे अर्ज वाया गेले नाहीत!

रविवार, २४ सप्टेंबर

विहारापुढे मांडव, खुर्च्या, हार, सगळी धावपळ माझ्याच डोक्यावर. वसाहतीचं वळण असं की एरवी सुईसुद्धा वेळेवर न देणारी माणसं आज न सांगता कामाला लागली आहेत. बायका माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावतात. आदर वाटत असावा.

वत्सलाने दुपारीच माशांच्या पेटीवर तिचं जुनं पातळ टाकलं. म्हणाली, "उद्या पाहुणे येणार, धूळ उडेल." मला फार बरं वाटलं. पहिल्यांदाच तिने माशांची काळजी केली.

पिंपावर दोन पोती टाकली आहेत. साहेब काही शिडी चढणार नाहीत.

सोमवार, २५ सप्टेंबर

काय लिहू आणि कसं लिहू.

साहेब आले. हार झाले. मी वसाहतीचं कोरडेपण दाखवत घरोघर फिरवलं, साहेब खूष. आमच्या दारात चहा झाला आणि ते निघणार एवढ्यात वत्सला पुढे झाली.

"साहेब, गच्चीवर चला ना. यांनी काय केलंय ते बघायचं राहिलं."

मी म्हणालो, "वर काही नाही, साहेब. सांडगे वाळत घातलेत."

"बघू की सांडगे," साहेब म्हणाले आणि शिडी चढायला लागले. त्यांच्या मागे निवृत्ती, त्याच्या मागे मी. माझ्या पायांखाली शिडी अशी खडखडत होती की निवृत्तीने मागे वळून विचारलं, "तुम्हालाबी थंडी वाजतीय का साहेब?" मला डोळ्यांपुढे उद्याचा पेपर दिसत होता. आदर्श वसाहतीच्या सेक्रेटरीच्या गच्चीवर डासांची पैदास. नोकरी गेली, पत गेली, वंदनेला आता कुठल्या तोंडाने बसू?

माझ्यामागून वर आलेल्या वत्सलाने पोती ओढली.

पिंपात अळी नव्हती. एकसुद्धा नव्हती. स्वच्छ पाण्यात लाल शेपट्या फिरत होत्या. माझे मासे! तीसच्या तीस!

साहेब पिंपाच्या काठाला धरून वाकले. "गप्पी! अहो पगारे, डासांच्या अळ्या खाणारे मासे लोकांनी पाळावेत म्हणून आम्ही गावोगाव घसा कोरडा करतो. आणि तुम्ही न सांगता पैदास चालवली आहे?"

वत्सला म्हणाली, "यांचं पहिल्यापासून डासांकडेच लक्ष असतं." आणि वर म्हणाली, "आता घरोघर वाटायचं ठरवलंय यांनी. प्रत्येकाच्या हौदात थोडे थोडे."

मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण साहेबांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला होता. खाली पाहिलं तर वसाहतीतल्या बायका कळश्या, पातेली, लोटे घेऊन शिडीपाशी रांगेत उभ्या. एवढ्या सगळ्यांना एकाच वेळी भांडी घेऊन बाहेर पडायची काय गरज पडली असेल, मला अजून कळत नाही. निवृत्तीने माझीच गाळणी घेतली आणि मासे काढून द्यायला सुरुवात केली. मालनबाई ओरडल्या, "तो लांब शेपटीचा मला टाक रं!" तो माझा सर्वांत उत्तम नर होता. पगारे लालचा मूळ पुरुष. तो मालनबाईंच्या पातेल्यात गेला.

शेवटी निवृत्तीने रिकाम्या पिंपावर गेरूने तारीख लिहिली.

सगळे गेल्यावर पेटीवरचं पातळ काढलं. पाण्यात नुसते पंपाचे बुडबुडे येत होते. मला रडू आलं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, गळ्यात हार, आणि माशांसाठी रडतो आहे. वत्सलाने पंप बंद केला आणि माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "अहो, तुमची इभ्रत वाचली. माझा पेपरही वाचेल. मासे काय, आता गल्लीभर तुमचेच आहेत." इभ्रत वाचली म्हणजे काय ते मी विचारलं नाही. जेवलो आणि पडलो.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

वत्सलाचा विज्ञानाचा पेपर झाला. गेले दहा दिवस ती टेबलावर अभ्यास करत होती. पेटी तिनेच खाली उतरवली, कांदे ठेवायला बरी पडते म्हणे. पिंप पालथं घातलं आहे.

वसाहतीत नवा ताप नाही. डासही कमी झाले. गटाराची चौकशी झाली असणार, माझ्या अर्जाचा धाक.

केंद्रावरून आली तर तोंड उजळलेलं. मी विचारलं, "काय आलं होतं?"

"डासाचं जीवनचक्र. आकृतीसह," ती म्हणाली. "पानभर लिहिलं. पुरवणी घ्यावी लागली."

रविवार, १५ ऑक्टोबर

कोरड्या दिवसाची फेरी केली. हौद आता कोरडे करत नाहीत, त्यात मासे आहेत. बॅटरी घेऊन मालनबाईंच्या हौदात पाहिलं आणि तिथेच खाली बसलो. शेवाळ माजलेलं, पाणी हिरवट, खाद्य म्हणून कोणी काही घालत नाही, आणि पिल्लं इतकी की मोजायची सोय नाही! अंड्याचा बलक नाही, पंप नाही, शास्त्र नाही. एक मादी एका पिल्लाच्या मागे तोंड उघडून पळत होती, पिल्लू झटकन शेवाळात शिरलं. आई लेकरांशी खेळत होती. माझ्या स्वच्छ पेटीत बिचारीला खेळायलाही कधी जमलं नाही.

"तुमच्या हातात काय जादू आहे, मालनबाई?" मी विचारलं.

"जादू कसली भाऊ," त्या म्हणाल्या. "मी काहीच करीत नाय. तेवढंच करते बघा."

शेपट्यांचा रंग किंचित उतरला आहे आणि लांबीही कमी झाली आहे. तरी नाव पगारे लालच राहील.

शुक्रवार, २२ डिसेंबर

वत्सला पास! विज्ञानात वर्गात पहिली यावी असे गुण. मी पेढे वाटले. वाटताना प्रत्येक घरी सांगितलं की डासाचा धडा मी शिकवला होता. प्रत्येक घरी हेच ऐकलं, "ते आम्हाला माहीत आहे." लोकांना कळतं सगळं.

रात्री जेवताना मी वत्सलाला म्हणालो, "माझ्यामुळे पास झालीस हो."

ती म्हणाली, "तुमच्यामुळेच. खोटं नाही बोलणार." मग तिचे डोळे भरून आले आणि माझेही. तापात कुडकुडणारी वत्सला आठवली. मासे गेले ते गेले, ही राहिली. माझ्या आयुष्यात हा हिशोब मी पहिल्यांदाच केला आणि तो बरोबर निघाला.

सोमवार, ८ जानेवारी १९७९

डायरी संपली, म्हणून मागच्या पत्त्यांच्या पानावर लिहितो आहे. ओळखीच्या माणसांचे पत्ते मला पाठच आहेत.

आज बालवाडीचा पहिला दिवस. वत्सला पांढरं पातळ नेसून गेली. मी कचेरीला निघण्याआधी गच्चीवर गेलो आणि पालथ्या पिंपावर बसून बघत राहिलो. विहाराचं अंगण वरून स्वच्छ दिसतं, आणि त्याला लागून मालनबाईंचंही. वत्सलाने मुलांना मालनबाईंच्या हौदाभोवती गोल उभं केलं होतं. मासे दाखवत होती. तिचा आवाज इतका खणखणीत असतो हे मला माहीत नव्हतं.

"मासे काय खातात?"

"अळ्याऽऽ!"

"अळी मोठी झाली की तिचं काय होतं?"

"डाऽऽस!"

"डास चावला की?"

मुलं कुडकुडून दाखवायला लागली. एकाने तर जमिनीवर लोळण घेतली. सगळ्यांना अनुभव आहे.

"मग सांगा, आपल्या वसाहतीत एवढे डास कुठून आले होते?"

सगळ्या पोरांनी एकदम वळून माझ्या गच्चीकडे बोटं केली. वत्सलानेही मागे वळून पाहिलं, मी तिथे बसलेला दिसलो, आणि तिने पदर तोंडाला लावला. मालनबाई दारात उभ्या होत्या, त्या भिंतीला धरून खाली बसल्या.

माझं मन भरून आलं. प्रश्न डासांचा आणि मुलं बोट करतात ती त्यांना हटवणाऱ्याकडे. मोठी माणसं विसरतात, मुलं विसरत नाहीत. मी पिंपावर उभा राहिलो आणि सगळ्यांना हात हलवून दाखवला.